सुधारणेस वाव

मशीनची गाडी गावात आली ती दुधाच्या टँकरमागून, आणि वळून परत येणाऱ्या टँकरला वाट देता देता मैदानाच्या कडेच्या चरात एक चाक घालून बसली. निंगेवाडीच्या पोरींनीच ती ढकलून बाहेर काढली. त्यामुळं ज्या यंत्रानं पुढं त्यांचीच वाट लावली, ते मैदानावर आलं त्यांच्याच खांद्यांच्या जोरावर, असं शालन देवेकर नंतर म्हणायची. म्हणायची आणि हसायची नाही.

शालन गावच्या शाळेत खेळाची शिक्षिका. गडहिंग्लजकडच्या या टापूत इतर गावांना कुस्तीचं किंवा फुटबॉलचं वेड, निंगेवाडीला हॉकीचं. पलटणीतनं रजेवर आलेल्या कुणा सुभेदारानं ते आणलं म्हणतात. मैदान मुरमाचं, एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला ऊस. निळं टर्फ, म्हणजे नकली गवताचं मैदान, पोरींनी मोबाइलवरच बघितलेलं.

गाडीतनं उतरला ऋत्विज, पुण्याच्या राज्य केंद्राचा तंत्रज्ञ. पोरगेलासा, केस मागं बांधलेले, बोलणं इतकं मऊ की पोरींनी चहा व्हायच्या आत त्याचं 'लोणी सर' असं बारसं करून टाकलं. त्यानं एक टोपी काढून दाखवली, सायकलवाले घालतात तसली, फक्त आतून तारांनी भरलेली. मनगटाला बांधायचे दोन पट्टे. आणि एक स्टिक, जी प्रत्येकीनं थोडा वेळ चालवायची.

"प्रत्येकीला दोन आकडे मिळतील," तो म्हणाला. "एक 'आज'. आज तिला किती येतं. दुसरा 'वाव'. अजून तिला किती येऊ शकेल. दोन्ही शंभरापैकी. केंद्र या वर्षीपासून दुसरा आकडा बघून मुली घेणार."

"आणि पहिला?" शालननं विचारलं.

"तो माहितीसाठी."

चेष्टा आहे का ते बघायला शालननं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टा नव्हती.

"त्याआधी मशीन जुळवावं लागतं. याच गावची, याच वयाची, पण हॉकीला कधी हात न लावलेली मुलगी मिळेल का?"

पोरी फिदीफिदी हसल्या. निंगेवाडीत अशी पोरगी एकच होती आणि ती मॅडमच्याच घरात होती. बारा वर्षांची रेवा शाळेच्या भिंतीवर पाय सोडून चिरमुरे खात बसली होती. आईनं अख्खं गाव हॉकीला लावलं, पण पोटच्या पोरीला लावता आलं नाही. रेवाला घाम आवडायचा नाही. आई संध्याकाळभर दुसऱ्यांच्या पोरींची असते हे तिला त्याहून नावडायचं. म्हणून ती रोज भिंतीवर बसून बातम्या दिल्यासारखं धावतं वर्णन करायची.

"आणि थोड्याच वेळात राजनंदिनी चौगुले यांच्या डोक्यावर ठेवण्यात येईल एक पातेलं..."

"रेवा, ये खाली. तुझं डोकं पायजे."

"खेळायला लावणार नसशील तर येतो," रेवा म्हणाली. तिकडं बायका-पोरी 'येतो, जातो'च म्हणतात. ती खाली उतरली, पातेलं घातलं, स्टिक झाडूसारखी धरून चार वेळा हलवली आणि परत चिरमुऱ्यांकडं गेली.

मग बाकीच्या पोरी. सगळ्यात शेवटी नंदू, म्हणजे ती राजनंदिनी. पाच वर्षांची असताना स्वतःहून उंच स्टिक फरफटत आली होती, तेव्हापासून आजपर्यंत मैदान तिनं सोडलं नव्हतं. पाव्हण्यांकडं लग्नाला गेली तरी मांडवामागं दगडं टोलवत बसायची. पुण्याला जायचं, निळ्या मैदानावर खेळायचं, याखेरीज त्या पोरीला दुसरं काही मागताच यायचं नाही. या वर्षी जिल्ह्यातून एकच जागा होती. ती नंदूची, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. शालननंही.

पोरी घरी गेल्यावर ऋत्विजनं शालनला गाडीत बोलावलं. पडद्यावर दोन नावं होती. राजनंदिनी चौगुले: आज ८४, वाव ६. रेवा देवेकर: आज ४, वाव ९१.

"मशीन नीट जुळलं नसंल," शालन म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. परत परत तपासलं." त्यानं मान खाली घातली. "सांगू?"

त्यानं सांगितलं ते असं. मेंदूतनं मनगटाकडं ज्या तारा जातात, त्यांच्यावर सरावानं चरबीचं वेष्टण चढतं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की वेष्टण जाड होतं आणि निरोप झपाट्यानं पोचतो. आपण त्याला हात बसला म्हणतो. इथवर जुनंच. नवं हे की, हात बसला की त्या वाटेभोवती मेंदू बारीक जाळी विणून टाकतो, म्हणजे वाट परत हलू नये. जाळी आहे म्हणून एकदा आलेली सायकल जन्मात विसरत नाही. आणि जाळी आहे म्हणूनच वाकडी शिकलेली सायकल जन्मभर वाकडीच चालते. टोपी ही जाळी मोजत होती. विणून झाली ती 'आज'. धागा उरला तो 'वाव'. मनगटं ज्यांची मुळात चपळ, त्यांचा धागा लांब. पण विणला की संपला, चपळ असो नाहीतर मंद.

"मुरमावर चेंडू टप्पे खात येतो," ऋत्विज म्हणाला. "तो उठणार हे धरून हिचं मनगट डोळ्याची पापणी लवायच्या आत वर येतं. अद्भुत आहे ते, खरंच. पण टर्फवर चेंडू उठत नाही, काचेवरून सरकल्यासारखा येतो. तिथं हिचं मनगट प्रत्येक वेळी आधी उठेल. आणि ते आता मोडता येत नाही. मी इतक्या गावांत फिरलो, इतकं घट्ट विणलेलं पाहिलं नाही. मॅडम, तुम्ही चांगलं शिकवलंत. फार चांगलं आणि फार लवकर. म्हणूनच."

"मग काय वाईट शिकवायला हवं होतं?"

"नाही," तो अगदी मऊपणे म्हणाला. "थोडं कमी."

---

आकडे घरोघरच्या मोबाइलवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शालन पोळ्या लाटत असताना दारात सुवर्णा उभी, नंदूची आई. दूध संस्थेत माप घ्यायचं काम करणारी, खणखणीत आवाजाची बाई. हातात पेढ्यांचा पुडा, मागं नंदू.

"आदी त्वांड उघडा मॅडम, मग बोला."

"अहो, काय झालं?"

"काय झालं म्हणून इचारताय व्हय? पयलीपासनं बघतोय मी हिचं प्रगतिपुस्तक. गणितात काय, तर सुधारणेस वाव आहे. इंग्रजीत, सुधारणेस वाव आहे. अक्षरात वाव, शिस्तीत वाव. गुरुजी म्हणलं, वाव म्हंजे कच्ची आहे तुमची पोर, घ्या घासून. सगळ्यात वाव! आणि काल मोबाइल काय सांगतोय? वाव सहा. शंभरात सहा! म्हंजे ऱ्हायलंच काय सुधारायचं?" तिनं पेढा शालनच्या तोंडात कोंबला. "त्या मोरेच्या पोरीला छत्तीस वाव निघाला. आई रडालीय तिची. मी म्हटलं, रडू नको, मॅडमकडं घाल, काढतील सगळा वाव."

शालनच्या तोंडात अख्खा पेढा. 'सुवर्णाताई, वाव म्हणजे' इथपर्यंतचे शब्द तयार होते, पण पेढा ना आत जाईना, ना बाहेर येईना. तिनं मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही. सुवर्णानं ती हो म्हणून घेतली.

"तुमचे उपकार हायेत बघा," असं म्हणून तिनं शालनच्या पिठाच्या हातांना हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग शेजारी पेढे द्यायला गेली.

नंदू मागं राहिली. दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाली, "मॅडम, पेढा गिळला का न्हाई तुमी?"

शालन वळून तव्याकडं बघायला लागली. पोळी करपली होती.

"सहा म्हंजे वंगाळ हाय न्हवं?"

"नंदू, तो आकडा खेळाचा नाही गं. पुढचा आहे."

"पुढचाच पायजे की मला," नंदू म्हणाली.

---

आठवड्यात यादी लागली. जिल्ह्यातून: रेवा देवेकर. मशीन जुळवायला घातलेलं डोकंही केंद्रानं मोजलं होतं, आणि वाव म्हणजे काय ते यादीखाली छापलं होतं.

सुवर्णा भांडायला आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. शालन दूध घालायला गेली तेव्हा रांगेत सगळ्यांच्या देखत सुवर्णानं तिचं माप घेतलं, फेस बसू दिला आणि मापाकडंच बघत म्हणाली, "स्वताची पोर झाकून ठेवलीसा मॅडम. आणि आमच्या वापरून टाकल्यासा."

"सुवर्णाताई, मला ठाऊक असतं तर..."

"पुढं सरका. रांग हाय."

तेवढं एक वाक्य गावात पसरायला पुरेसं होतं. मॅडमला आधीपासून ठाऊक होतं. मॅडमची पुण्यात ओळख आहे. म्हणूनच त्यांनी रेवाला स्टिकला हात लावू दिला नाही. इतकी वर्षं आई-लेकीत यावरनं झालेली भांडणं सगळ्या गल्लीनं ऐकली होती. आता तीच गल्ली म्हणाली, काय नाटक केलं हो!

आणि मग गावानं शिकायचं ते शिकून घेतलं. ज्या घरांत टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक काढत नाहीत, सोफ्याला अभ्रा आणि अभ्र्याला वर टॉवेल घालतात, चांगले कप कपाटात काचेमागं आणि रोजचा चहा कान तुटक्या कपात, त्या घरांना हे शास्त्र कुणी समजावून सांगावं लागलं नाही. चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. आयाबाया आता लहान पोरींविषयी अभिमानानं बोलू लागल्या. "आमची कोरी हाय अजून." "आमचीनं तर चेंडू लांबनंच बघितलाय." कुणी सायकल बंद केली, मनगट वापरलं जातं म्हणून. एका आजीनं नातीला रांगोळी काढू दिली नाही. निवड बाराव्या वर्षापासून पुढं. तोवर वाव मोडायचा नाही.

मैदानावर पोरी येईनाशा झाल्या. आल्या तरी भिंतीवर ओळीनं बसायच्या, हात मांडीखाली घेऊन, मळू नयेत तसे. सात-आठ वर्षांच्या पोरी, पायांना नुसती खाज सुटलेली, पण जागच्या हलायच्या नाहीत. शालन म्हणायची, "अगं, पळा तरी." एकजण म्हणाली, "पप्पा म्हणालेत, आत्ता पळू नको, निवड झाल्यावर पळ."

एकटी नंदू यायची. आईनं स्टिक माळ्यावर टाकली तर खराट्याचा दांडा घेऊन यायची.

शालननं जे जे करता येतं ते केलं. केंद्राला कळवलं की माझ्या मुलीची जागा राजनंदिनीला द्या. उत्तर आलं, जागा व्यक्तीची नसून आकड्याची आहे. देवेकर न आल्यास ती पुढच्या जिल्ह्याला जाईल. ऋत्विजला फोन केला.

"जाळी सैल होत नाही का हो कशानं?"

"होते थोडी. वापरली नाही तर." तो घुटमळला. "दोन-तीन वर्षं तिनं स्टिकला हात लावला नाही तर कदाचित वाव पंधरापर्यंत जाईल. पंधराला कोणी घेत नाही, पण..."

"म्हणजे हॉकी खेळायला मिळावं म्हणून तिनं हॉकी खेळायची नाही."

"असं म्हटलं की वेडगळ वाटतं," ऋत्विज म्हणाला.

"तुम्ही दुसरं कसं म्हणाल?"

मग तो म्हणाला, "मीही लहानपणी तबला वाजवायचो, मॅडम. मध्ये गंमत म्हणून टोपी घातली. तेव्हापासून वाजवलेला नाही." शालनला त्याचा राग धरायचा होता. तेवढंही जमलं नाही.

नंदूला तिनं सांगून बघितलं. सगळं शास्त्र सांगितलं, जाळी, धागा, मुरूम. "तीन वर्षं थांबशील?"

"आणि काय करू?" नंदूनं विचारलं. तक्रार नव्हती त्यात. खरंच दुसरं काय करतात ते तिला माहीत नव्हतं.

---

घरात वेगळंच चाललं होतं. एसटीवर ड्रायव्हर असलेला नवरा बेळगावच्या स्टँडवरनं फोन करायचा, पाठव तिला, पोरीचं नशीब उघडलंय. शालन म्हणायची, तिला नको आहे. आणि फोन ठेवल्यावर तिची नजर हटकून रेवाच्या हातांकडं जायची. रेवा लसूण सोलायची, तिची बोटं बघायची. रेवा न बघता पाठीमागची बाटली उचलायची, ते बघायची. पडता पडता झेललेलं भांडं. वळताना खाली बसलेला खांदा. इतकी वर्षं हे सगळं याच घरात होतं आणि आपण संध्याकाळी दार ओढून मैदानावर जात होतो.

"आई, असं बघू नको," एका दुपारी रेवा म्हणाली.

"कसं?"

"बाजारात म्हस बघत्यात तसं."

शालननं नजर वळवली. लाज वाटली तिला. पण लाजेच्या खाली आणखी एक काहीतरी होतं, अधाशी, हावरं, आणि ते गेलं नाही. ९१. आयुष्यभर शिकवून तिच्या हाती ९१ ची पोर कधी आली नव्हती. तिला ती हवी होती. नंदूची जागा गेली याचं दुःख खरं होतं आणि ही हाव पण खरी होती. दोन्ही एकाच ताटात वाढलेलं.

"तू गेलीस तर," ती सावकाश म्हणाली, "निदान एक वर्ष बघून..."

"नंदूच्या जागेवर?"

"जागा नंदूला देत नाहीत गं ते! कितीदा विचारलं मी!"

"मग मला पण देणार न्हाईत, असं करतो," रेवा म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

शालनला कळायला वेळ लागला. ती मैदानावर पोचली तेव्हा उन्हं उसाच्या शेंड्यांना टेकली होती. भिंतीवर कोऱ्या पोरींची रांग. मैदानात नंदू खराट्याचा दांडा घेऊन, आणि तिच्यासमोर रेवा, शाळेच्या खोलीतनं आणलेली स्टिक हातात.

"वाव संपवायला आलोय," रेवा आईला ओरडून म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत मोजणार हायेत न्हवं जायच्या आधी? तवर करतो तो सहा. मग बसा म्हणावं."

नंदू हसत होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "मॅडम, हिला स्टिक पण धरता येईना. डावा हात वर घे! वर गं! म्हशीचं शेपूट हाय का ते?"

शब्दन् शब्द शालनचा होता, शेपटासकट. शालन कडेला उभी राहिली. थांबवायला हवं होतं. मुरमावर नको, या मुरमावर तर नकोच, एकेक चेंडू म्हणजे एकेक टाका. पण दोन पोरी खेळत होत्या, एक हसत होती, आणि तिच्या पायांनी पुढं जायला नकार दिला.

नंदूनं चेंडू ढकलला. रेवानं चुकवला. परत ढकलला. रेवाच्या नडगीला लागला. तिनं एक सणसणीत शिवी दिली, भिंत खिदळली. परत. या वेळी चेंडू दगडावर उडाला आणि रेवाचं मनगट वर आलं. टक. चेंडू तिच्या स्टिकपाशी मांजरासारखा बसून राहिला.

"परत टाक," रेवा म्हणाली.

नंदूनं परत टाकला, जोरात. टक. उलट्या बाजूनं टाकला. टक. जे नंदूला यायला दोन उन्हाळे लागले होते, ते उसावरचं ऊन उतरेपर्यंत रेवाच्या हातात येऊन बसलं. भिंतीवरच्या पोरी खिदळायच्या थांबल्या. रेवा घामानं निथळत होती आणि तिचं तिकडं लक्षच नव्हतं. तिच्या तोंडावर शालननं कधी न पाहिलेलं काहीतरी उमटलं होतं. दुसऱ्या पोरींच्या तोंडावर मात्र तिनं ते शेकड्यानं पाहिलं होतं.

"टाक की गं!"

नंदूनं चेंडू, होता तो एकच, पायाखाली धरला. हसणं गेलं होतं. ती रेवाच्या मनगटाकडं बघत होती, अगदी मॅडम बघतात तसं.

"मॅडम," ती म्हणाली, "मशीन खरं बोलालंय."

रेवानं स्टिक मुरमावर आपटली.

"ए, टाक!"

"इथं न्हाई खेळायचं तू. मुरमावर न्हाई."

"का? मला आत्ता यायला लागलंय!"

"म्हणूनच." नंदूनं शालनकडं पाहिलं. "मॅडम, सांगा की हिला. न्हाई म्हणा."

"आई, सांग की तिला. टाक म्हण."

या मैदानावर शालन आयुष्यभर ओरडली होती. विचार करायची कधी गरज पडली नव्हती. पाय, हात, चेंडू दिसला की शब्द आपोआप यायचे. आता दोघी तिच्याकडं तोंड करून उभ्या होत्या, दोघींची छाती वरखाली होत होती, आणि तिच्या तोंडातनं ना टाक निघेना, ना नको.

नंदूनं थोडी वाट बघितली. मग रेवाच्या हातातनं स्टिक काढून घेतली, चेंडू पायाखालनं मोकळा केला, एक पाऊल मागं सरली आणि मारला. मनगट पापणी लवायच्या आत उठलं, ठरलेल्या जागी, शिकवल्याबरहुकूम. चेंडू मुरमावरनं उचलला गेला, अख्खं मैदान ओलांडून पार लांब, उसात जाऊन पडला. पाती हलली आणि थांबली. इतका देखणा फटका शालननं या मैदानावर पाहिला नव्हता.

"शाब्बास!" तिच्या तोंडून निघून गेलं.

नंदूनं तिच्याकडं वळून पाहिलं. मग स्टिक भिंतीला टेकवून ठेवली.

"शोधाय जाऊ नको," ती रेवाला म्हणाली. "आत साप असत्यात."